व्हॉल्व्हच्या टोपीवरची लाल खूण

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको मला शंकासुर म्हणते. शिमग्यात तोंडाला फडकं बांधून नाचतो तो निदान वर्षातून एकदाच येतो, तुम्ही तर बारा महिने, असं तिचं म्हणणं. पण पेणला हायवेच्या कडेला आयुष्यभर टायरचं दुकान चालवलंय मी. माणूस संशयी नाही झाला तर काय होणार?

अहो, गाडी दुकानात शिरते ती खोटं बोलतच शिरते. टायर कापलेला दिसतोय, मालक म्हणतो, "तात्या, गाडी उभीच होती." उभी गाडी कापली जाते होय? दुसरा येतो, त्याच्या चारही टायरच्या कडा गुळगुळीत, मधला भाग नवाकोरा. म्हणजे कित्येक महिने हवा कमी. हा शपथ घेऊन सांगतो की दर आठवड्याला तपासतो. जास्त हवेवर चालवली तर उलटं होतं, मध्ये झिजतो आणि कडा राहतात. टायर खोटं बोलत नाही, तेवढंच त्यातलं बरं.

आणि गिऱ्हाइकाचा तरी माझ्यावर कुठे विश्वास? रोह्याच्या नलूताई, निवृत्त शिक्षिका. दुकानात आल्या की पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढायच्या आणि चारही टायरवर आतल्या बाजूला ठिपका द्यायच्या. का, तर मी अलाइनमेंटच्या नावाखाली आत नेऊन त्यांचा चांगला टायर बदलीन म्हणून! पहिल्यांदा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "भेटलं का तुम्हाला तुमच्या जातीचं कुणी!" मग शांतपणे विचार केला. कल्पना झकास होती. दुसऱ्या दिवशी मी पण एक बाटली आणून गल्ल्याशेजारी ठेवली.

त्या बाटलीचीच ही गोष्ट आहे.

पेणजवळ हमरापूरला घरोघर गणपतीच्या मूर्ती घडवतात. तिथले बाळाशेठ माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची सात जणांची गाडी आहे, तिच्या मागच्या सीटा काढून ते शाडूच्या मूर्ती पोचवतात. शाडू म्हणजे माती, वजनाला जड आणि जराशा धक्क्याने दुखावणारी. चालवायला दिनेश, तिशीतला, मितभाषी पोरगा. त्याची आई सुमनवहिनी बाळाशेठांच्याच कारखान्यात. नवरा गेल्यापासून तिथेच. तिचं काम हात बसवण्याचं. मूर्तीचे हात साच्यातून वेगळे काढतात आणि ओली माती लावून धडाला जोडतात. सांधा दिसता कामा नये आणि सुटताही कामा नये. या वहिनींनी बसवलेला हात मी विसर्जनाच्या पाण्यात शेवटपर्यंत टिकलेला पाहिलाय.

परवाच्या हंगामाआधी बाळाशेठांच्या जावयाने हौसेने सासऱ्याच्या गाडीला नवी चाकं बसवून दिली. मोठे अलॉय रिम, चकचकीत, आणि त्यावर पट्टीसारखे बारीक टायर. गाडी दुकानासमोर उभी राहिली तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

जरा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टायरच्या बाजूला आकडे असतात. या गाडीचा कंपनीचा टायर होता एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. एकशे पंच्याऐंशी म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पासष्ट म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. पंधरा म्हणजे रिम किती इंचांचा. जावयाने बसवलेला होता दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. आता दोन्ही चाकं बाहेरून मोजली तर जवळजवळ सारखीच भरतात, म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. गंमत आत आहे. रिम वाढला, मग त्याला जागा द्यायला रबराची भिंत कमी झाली. आधी बारा सेंटिमीटर होती, ती नवावर आली. ही भिंत म्हणजे गाडीची गादी. हल्लीच्या नव्या गाड्या शोरूममधूनच मोठी चाकं आणि बारीक गादी घेऊन येतात. दिसतात राजबिंड्या. वळणावर पकडून चालतात हेही खरं, एक्सप्रेस वेवर छानच. पण आमच्या वडखळ-नागोठण्याच्या खड्ड्यांना त्यांचं काय कौतुक? खड्ड्यात गेलं की पातळ गादी चेपते आणि रिम थेट आपटतो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो तो वेगळाच ताप. शिवाय बाजूला वजनाचा आकडा असतो, टायर किती भार उचलेल त्याचा, तो तर कुणी बघतच नाही. गिऱ्हाईक विचारतं काय? "तात्या, लूक कसा येईल?" अरे, लग्नाला उभा करायचाय का टायर?

मी बाळाशेठांना म्हटलं, "शेठ, गणपती वाहणाऱ्या गाडीला ही चाकं नकोत. जुनी परत घाला."

बाळाशेठांनी डोळे बारीक केले. "तुझ्याकडनं घेतली नाय म्हणून पोटात दुखतं काय रे? माझ्या जावयाच्या चाकांवर बोलायचं नाय."

आली का पंचाईत! खरं बोललो तरी धंद्यासाठी बोललो असंच वाटणार. दिनेशला मात्र बजावलं, "या टायरला हवा पूर्ण लागते. जुन्यापेक्षा चार पौंड जास्तच. कमी करायची नाही, समजलं?" तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. मान हलवली आणि गेला.

आषाढात रोह्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. हायवेने नागोठण्यापर्यंत, मग आत वळून निडीच्या अंगाने रोहा. पहिल्याच फेरीत एका मूर्तीची बोटं गेली. दुसऱ्या फेरीत एकीचा आशीर्वादाचा हात मनगटातून सुटला. प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, शास्त्राने काही बिघडत नाही. पण आपल्या घरी यायला निघालेल्या गणपतीचा हात तुटला म्हटल्यावर बायामाणसांना तो अपशकून वाटतो. रोह्याहून फोनावर फोन. बाळाशेठ हवालदिल. आणि त्यांचा संशय सरळ गेला सुमनवहिनींवर.

"वहिनींचं वय झालं," ते माझ्या दुकानात बसून सांगत होते. "सांधा कच्चा राहतो. मी विचारलं तर बोलत पण नायत. खाली मान घालून बसतात. आता आणखी एक मूर्ती फुटली तर गणपतीनंतर येऊ नका म्हणून सांगणार. माझं नाव जातंय रे."

खरं सांगायचं तर वहिनी बोलत नाहीत हे ऐकून मलाही शंका आली. निर्दोष माणूस ओरडतं, भांडतं. ही बाई गप्प का? हातात खरंच कंप आलाय की काय? म्हणून मी मुद्दाम हमरापूरला जाऊन आलो. वहिनी उकिडव्या बसल्या होत्या, मांडीवर गणपतीचा हात, बोटांनी ओल्या मातीचा लेप फिरवत होत्या. हात दगडासारखा स्थिर.

"वहिनी, शेठ काय म्हणतात ऐकलंत ना?"

"ऐकलं भाऊ."

"मग बोला ना काहीतरी! सांधा पक्का होता म्हणून सांगा."

"ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या आणि लेप फिरवत राहिल्या. डोळे वर केले नाहीत. बाई काहीतरी लपवतेय, मी मनात म्हटलं. आणि माझा अंदाज बरोबर होता. काय लपवतेय ते मात्र मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

मग मी माझं जुनंच काम केलं, टायर वाचायला घेतला. दिनेश परतीच्या वाटेवर दुकानात आला की मी गेज लावून हवा मोजायचो. जाताना चौतीस भरलेली असायची आणि येताना बावीस! चारही चाकांत सारखीच. पंक्चर असतं तर एकाच चाकात असतं. तरी चाकं पाण्यात बुडवून पाहिली, साबण लावून पाहिला, कुठे बुडबुडा नाही. टायरच्या बाजूची अक्षरं रस्त्याला घासून पुसट झाली होती. दोन रिमच्या आतल्या कडा वाकलेल्या. एका टायरला अंड्याएवढा फुगा, म्हणजे खड्ड्यात आतले धागे तुटलेले.

"हवा कुठे जाते रे?"

"काय म्हाईत काका. थोडी कमी होत असंल."

नजर जमिनीला. आई पण खाली बघते, पोरगा पण. मला वाटायला लागलं, हा बापडा दिसणारा इसम मूर्ती टाकून गाडी भाड्याने फिरवतो की काय? की उडवतो बेफाम?

पुढची फेरी नेमकी नलूताईंच्या गणपतीची होती. मी हवा भरली, आणि दिनेश चहाला गेल्यावर नेलपॉलिशची बाटली काढली. चारही व्हॉल्व्हच्या टोपीवरून खाली दांड्यावर अशी एक बारीक लाल रेघ ओढली. टोपी कुणी फिरवली की रेघ तुटणारच. नलूताईंची विद्या नलूताईंच्याच गणपतीसाठी कामाला आली.

दुपारी गाडी परत आली. मी आधी टोप्या बघितल्या. चारही रेघा तुटलेल्या! टोपीवरची अर्धी एकीकडे, दांड्यावरची दुसरीकडे. आणि गाडीतून उतरलेल्या दिनेशच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"काका, ताईंच्या मूर्तीचा हात गेला."

"हवा तू काढलीस."

तो गाडीचं दार उगाच पुन्हा लावायला वळला.

"दिनेश, मी पोलीस नाही, पण टोपी बोलतेय. तू काढलीस."

तो मटकन टायरच्या ढिगावर बसला. "व्हय काका. वडखळ गेल्यावर काढायचो. सगळेच काढतात ना गणपतीला? हवा मऊ केली की गाडी गादीवर चालल्यासारखी चालते. माझ्या बापाने पण तशीच नेली सगळी वर्षं. आयनं बसवलेले हात हायेत ते. मी तर बैलगाडीच्या वेगानं नेतो. मागचे हॉर्न मारून शिव्या देतात, तरी नाय पळवत. तरी कसे तुटतात?"

आता याला रागवू तरी कसा? कारण त्याचं चुकलं कुठे? ही आमच्याकडची जुनीच रीत आहे. मूर्ती नेताना हवा थोडी मऊ करायची आणि हळू न्यायचं. उंच भिंतीच्या टायरला ते चालून जायचं, धक्का रबरात जिरायचा. पण या पट्टीसारख्या टायरला जे काही बळ आहे ते हवेचंच. मी दुकानातली फाटकी बसायची गादी ओढली. "ही बघ. जाड गादीतून मूठभर कापूस काढला तर ती मऊ होते. आता ही चिंधी झालेली घे. हिच्यातला कापूस काढून बस बरं."

तो बसला. खालचं फरशीचं टोक लागलं असावं, कारण लगेच उठला. आणि समजलं त्याला. दोन्ही हात डोक्यावर गेले.

"म्हंजे मीच? आयचं काम मीच फोडलं?"

"मी तुला सांगितलं होतं हवा कमी करू नको म्हणून. ऐकलं का नाहीस?"

"शेठ म्हणालेले, तात्याला ही चाकं नको हायेत, त्याला त्याचे टायर विकायचेत. मला वाटलं तुम्ही हवा कडक ठेवायला सांगता ती मूर्ती फुटाव्यात म्हणून."

घ्या! सगळ्या तालुक्यावर संशय घेणारा मी, आणि हा पोरगा माझ्यावर संशय घेऊन बसलेला. मी इतका हसलो की ठसका लागला. त्याला मात्र हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

मी त्याला घेऊन तसाच हमरापूरला गेलो. बाळाशेठांना रिमच्या वाकलेल्या कडा दाखवल्या, टायरचा फुगा दाखवला. म्हटलं, दोष सांध्याचा नाही, चाकांचा आहे. हवेची गोष्ट मी काढली नाही. ती दिनेशनेच सांगायची होती, आणि आधी आईला.

बाळाशेठ हटेनात. "पुरावा काय? तू तर पहिल्यापासून त्या चाकांवर जळतोस."

"पुरावा देतो. जुनी चाकं कुठे आहेत?"

ती माळ्यावर होती, साच्यांच्या मागे. टायर अजून चांगले होते, मी बनावटीचा आठवडा आणि वर्षही वाचून घेतलं, ते चार आकड्यांत बाजूला लिहिलेलं असतं. "नलूताईंसाठी दुसरी मूर्ती वहिनींनीच बसवायची. हीच चाकं लावून दिनेशने न्यायची. मी सोबत जातो. हात तुटला तर मला सांगा, मी तुमच्या दारात येऊन जावयाच्या चाकांना हार घालीन."

"आणि तुटला तर वहिनींचं काम बंद. चालेल?"

त्यांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. सुमनवहिनींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चालंल. पण मी पण गाडीत बसणार."

मूर्ती वाळायला हवी तेवढी वाळली, रंग झाला, आणि आम्ही निघालो. हवा गाडीच्या दारावर कंपनीने लिहिलेली असते तेवढीच भरली. टोप्यांवर लाल रेघा मी या वेळीही ओढल्या. शहाणपण आलं म्हणून सवय थोडीच जाते! वहिनी मागे मूर्तीशेजारी बसल्या. मूर्तीला हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले होते. वडखळचे खड्डे आले. मी मागे वळून बघत होतो तो मूर्तीकडे. वहिनी मात्र मूर्तीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर दिनेशच्या पायावर, स्पीडोमीटरच्या काट्यावर. नागोठणं गेलं, निडी गेली, काटा काही वर चढला नाही. मागून एक टेम्पोवाला ओरडून गेला, "चालत जा ना!" दिनेशने त्याच्याकडे बघितलंही नाही. वहिनींचा चेहरा कसनुसा व्हायला लागला होता. मला कळेना, मूर्ती तर शाबूत आहे, मग बाई रडवेली का?

रोह्याला नलूताईंच्या अंगणात गाडी थांबली. ताई बॅटरी घेऊनच उभ्या. बोटं पाहिली, मनगट पाहिलं, कोपर पाहिलं, कानामागे सुद्धा प्रकाश टाकून पाहिला. "हं," म्हणाल्या. "ठीक आहे. या वेळी कुणीतरी लक्ष दिलेलं दिसतंय." ताईंकडून एवढं म्हणजे सत्कारच. त्यांनी तिथूनच बाळाशेठांना फोन लावला आणि मूर्ती अखंड आली म्हणून सांगितलं. फोनवर शेठ म्हणाले, वहिनींना द्या. वहिनींनी फोन कानाला लावला, "व्हय... व्हय शेठ... येते उद्या कामाला," आणि ताईंच्या हातात परत दिला. त्यांना आनंद झाल्याचं काही दिसेना.

दिनेश तुळशीपाशी उभा होता. तो पुढे आला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. "आय, हात मी तोडले. दरवेळी वडखळला हवा काढायचो. मला वाटायचं मऊ जाईल. तुझे हात हायेत म्हणून काढायचो."

सुमनवहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे तू असाच नेत व्हतास? दरवेळी? असाच हळू?"

"व्हय."

त्यांनी त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, आणि तोच हात तोंडावर घेऊन पायरीवर बसल्या. हुंदके देत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मला म्हाईत व्हतं माझा सांधा सुटत नाय. मला वाटलं ह्यो उडवतो. पोराची जात, नवी चाकं, पळवत असंल. शेठला कळलं तर काढून टाकतील ह्याला. म्हणून मी गप. म्हटलं, म्हणू दे माझा हात कच्चा. माझं काय, झालं माझं वय. आनि ह्यो माझ्या हातांपायी हळू नेत व्हता!" दिनेश शेजारी बसून नुसता "आय, आय" करत होता. नलूताईंनी बॅटरी बंद केली आणि पाणी आणायला आत गेल्या. मी उगाच गाडीभोवती एक चक्कर मारून आलो.

निघताना वहिनी गाडीशी थांबल्या. खाली वाकून चाकाकडे बघितलं. "हे लाल काय लावलंय?"

मी सांगितलं. कुणी टोपी उघडली तर कळावं म्हणून, वगैरे. सांगताना माझा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"ह्याच्यावर नजर ठेवायला?"

"हो."

त्या खाली बसल्या आणि अंगठ्याच्या नखाने, नखात शाडूची माती होती अजून, ती लाल रेघ खरवडून काढली. एका चाकाची झाली, मग दुसऱ्याची. चारही चाकांशी बसून बसून काढली. मी मधे पडलो नाही. मग पदर झटकून उठल्या आणि दिनेशच्या शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर जाऊन बसल्या. मी मुकाट्याने मागे बसलो.

त्या अलॉय चाकांवर आता बाळाशेठांच्या माळ्यावर साचे रचून ठेवलेत. जावई विचारतो तेव्हा शेठ म्हणतात, दिवाळीनंतर लावू.

माझा स्वभाव काही बदललेला नाही. आजही दुकानात येणाऱ्या गाडीच्या टोपीवर मी लाल रेघ ओढतो, मालक चहाला गेला की. फक्त दिनेश आला की बाटली गल्ल्यात टाकतो आणि तो विचारायच्या आत म्हणतो, "बस रे, तुझी हवा मी नंतर बघतो. आधी सांग, आय कशी आहे?"